'काही लागलं तर सांग' म्हणतात सगळे... मग आपण सांगत का नाही?

काजवा

बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणत होते, आज काढतेच. चार वर्षांपूर्वी मला कमी ऐकू यायला लागलं, आता डाव्या कानाने जवळजवळ नाहीच आणि उजव्याला मशीन. मशीन लावलं की सगळं ठीक होतं असं लोकांना वाटतं. नाही होत. समोर एकच माणूस असेल आणि खोली शांत असेल तर माझं छान चालतं, पण पाच-सहा जण एकदम बोलायला लागले की सगळ्याचा नुसता गलका होतो आणि मी फक्त तोंडं बघत बसते.

परवाचंच सांगते. ऑफिसात आम्ही सहाजणी बसलो होतो, अचानक सगळ्या हसल्या. मीपण हसले, जरा उशिरा. मग शेजारचीला विचारलं काय झालं गं, तर म्हणाली "काही नाही गं, नंतर सांगते." हे 'नंतर' चार वर्षांत एकदाही आलेलं नाही. यात वाईट कुणीच नाहीये. याच मैत्रिणी कानाच्या तपासणीला माझ्याबरोबर आल्या होत्या, तासन् तास बसल्या होत्या, आणि प्रत्येकीने मला म्हटलंय "काही लागलं तर सांग". पण मला लागतो तो विनोद. तो कसा मागायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात १५० कोटींहून जास्त लोकांना कमी-अधिक ऐकू येत नाही. म्हणजे मी एकटी नाही हे मला माहितीय, पण त्या टेबलाशी मी एकटीच असते.

तर प्रश्न असा. शरीर, भाषा, धर्म, कोणावर प्रेम करता ते, घरात एकटं मूल वाढवणं, कशामुळेही तुम्ही चारचौघांत वेगळे पडला असाल तर तुम्हाला खरा आधार कशाचा झाला? आणि 'सांग' म्हटल्यावरही आपल्याला सांगता का येत नाही?

टिपकागद

ते वाक्य मी आठवड्यातून चार वेळा तरी म्हणतो. आज पहिल्यांदा जीभ अडखळली.

शेवंता

काजवा, अगं किती नेमकं लिहिलंस. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे त्याला, घरात मोठं माणूस मी एकटीच. तो तीन वर्षांचा होता तेव्हापासून मला किमान पन्नास जणांनी 'कधीही हाक मार' म्हटलं असेल. मी एकालाही मारली नाही. कारण हाक मारायची म्हणजे आधी ठरवायचं की आजची माझी अडचण पुरेशी मोठी आहे का, मग समोरच्याची वेळ बघायची, मग तो नाही म्हणाला तर काय याची तयारी ठेवायची. एवढं करेपर्यंत ती संध्याकाळ मी कशीतरी ढकललेली असते.

मग वरच्या मजल्यावरच्या ताई एकदा आल्या आणि म्हणाल्या, "मी दर गुरुवारी पाच ते सहा येणार. तुला झोपायचं असेल तर झोप, बाहेर जायचं असेल तर जा." विचारलंच नाही त्यांनी. पहिल्या गुरुवारी मी दार लावून पलंगावर बसून नुसती भिंतीकडे बघत होते तासभर, काय करायचं तेच सुचेना. आतून ऐकू येत होतं, त्या त्याच्याबरोबर बटणं रंगाप्रमाणे लावत होत्या, आणि त्याने विस्कटली की परत पहिल्यापासून. एकदाही 'असं नाही करायचं' म्हणाल्या नाहीत.

सहा वर्षं झाली. गुरुवार आहे म्हणून बुधवार निघतो.

टिपकागद

अशा ताईंच्या शाखा काढायला हव्यात, वारांप्रमाणे. मी रविवार घ्यायला तयार आहे, बटणं लावता येतात.

जुनाखोडकर

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. माझं वय ७१. माणसं मनकवडी नसतात. प्रत्येकाला आपापले व्याप असतात, आणि 'काही लागलं तर सांग' हे वाक्य खोटं नसतं हो, ते एक उघडं ठेवलेलं दार असतं. आत यायचं की नाही ते आपण ठरवायचं. न सांगता रुसून बसायचं आणि मग कुणी विचारलं नाही म्हणायचं, हे मला पटत नाही. काजवाताई, तुम्ही स्पष्ट म्हणा ना, "मला आत्ताच सांगा, नंतर नको." बघा, सांगतील.

काजवा

काका, म्हटलंय. तीन-चारदा म्हटलं. सांगतात, पण तोपर्यंत हसू संपलेलं असतं आणि सगळ्या माझ्याकडे बघत असतात, आता हिला कळलं का, म्हणून. मग मी विचारणंच सोडलं.

रानवारा

जुनाखोडकर काका, दार उघडं असतं हे खरंय, पण उंबरा सगळ्यांना सारखा उंच नसतो.

मी एका अल्पसंख्याक समाजातला. कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की धागा तिकडेच वळेल. तुम्ही रजा मागितलीत तर तुम्ही एकट्याने मागितली. मी मागितली की 'यांचं नेहमीचंच' होतं. मी उशिरा आलो तर आम्ही सगळे उशिरा आलो, आणि चांगलं काम केलं तर 'तू वेगळा आहेस रे, तू त्यांच्यातला वाटत नाहीस'. हे वाक्य मला कौतुक म्हणून ऐकवलंय लोकांनी, मनापासून. त्यामुळे मदत मागायच्या आधी माझ्या डोक्यात सगळ्या समाजाची अब्रू उभी राहते. हा गर्व नाही काका, थकवा आहे.

पायवाट

मी सार्वजनिक आरोग्यात काम करते म्हणून थोडं त्या बाजूने लिहिते, लांबेल जरा.

आधार म्हणजे एकच गोष्ट नसते. १९८१ मध्ये जेम्स हाऊस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने त्याचे चार प्रकार मांडले, ते आम्ही अजून वापरतो. मायेचा आधार, म्हणजे कुणीतरी आपलं म्हणणं ऐकतंय. हाताचा आधार, म्हणजे प्रत्यक्ष काम, शेवंताच्या गुरुवारसारखं. माहितीचा, कुठे जायचं, कोणता अर्ज भरायचा. आणि चौथा, ज्याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आपण ठीक चाललोय की नाही हे कळायला लागणारा दुसऱ्याचा आरसा. गडबड होते ती एक हवा असताना दुसरा मिळतो तेव्हा. काजवाला कानाच्या तपासणीला सोबत मिळाली, पण विनोदात जागा मिळाली नाही.

आणि याचा संबंध थेट जगण्या-मरण्याशी आहे. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत १९६५ मध्ये सुमारे ७,००० प्रौढांची पाहणी केली आणि पुढची ९ वर्षं त्यांची नोंद ठेवली. १९७९ मध्ये लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी ते छापलं. ज्यांचे नातेसंबंध सगळ्यात कमी होते त्यांचा मृत्यूचा धोका सगळ्यात जास्त संबंध असलेल्यांच्या मानाने पुरुषांत २.३ पट आणि बायकांत २.८ पट निघाला. पुढे २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी असे १४८ अभ्यास एकत्र केले, तीन लाखांहून जास्त माणसं, सूर तोच.

मीच_तो

पण पायवाट, उलटं नसेल कशावरून? आजारी माणसाकडे लोक येईनासे होतात, तो बाहेर पडत नाही, संबंध तुटतात, मग तो जातो. म्हणजे एकटेपणाने मेला की आजाराने एकटा पडला?

पायवाट

बरोबर शंका आहे. अलामेडावाल्यांनाही ती होती. सुरुवातीला माणसाने आपली तब्येत कशी सांगितली होती, सिगारेट, दारू, वजन, आर्थिक स्थिती हे सगळं हिशोबात धरलं तरी फरक उरलाच. पण तुम्ही म्हणता तेही घडतं, दोन्हीकडून घडतं. आजार माणसं तोडतो आणि तुटलेपण आजार वाढवतं. आमच्याकडे येणाऱ्या लोकांत मी दोन्ही बघते, बऱ्याचदा एकाच माणसात.

सावली२१

रानवारा, 'थकवा' हा शब्द वाचून मी थांबले.

माझी जोडीदार बाई आहे, मीही बाई. नऊ वर्षं आम्ही एकत्र राहतोय आणि ऑफिसात मी तिच्याबद्दल बोलताना 'ती' म्हटलेलं नाही. मराठीत पळवाट आहे ना, "ते येणारेत", "आमच्याकडचे आज उशिरा सुटतील". आदरार्थी बहुवचनात लपून मी संसार करतेय. सोमवारी 'काय केलं सुट्टीत' विचारतील म्हणून उत्तर मी रविवारी रात्रीच तयार ठेवते. कुणी छळलेलं नाही मला. पण चोवीस तास जिभेवर पहारा ठेवायचा म्हणजे काय ते ज्याने ठेवलाय त्यालाच कळेल.

गेल्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं. फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' अशी जागा होती, मी 'मैत्रीण' लिहिलं. नर्सने वर न बघताच विचारलं, "घरचं कोणी नाही का?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझा एक मित्र सोबत आला होता, तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "याच घरच्या आहेत." बास. नर्सने मान डोलावली आणि मला आत सोडलं. आधार म्हटलं की मला ते तीन शब्द आठवतात.

पायवाट

सावली, याला अभ्यासातही नाव आहे. इलान मायर यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडलं, 'अल्पसंख्याक ताण' म्हणूया. रोजच्या आयुष्याचा ताण सगळ्यांनाच असतो, त्यावर हा वरचा. प्रत्यक्ष घडलेला अपमान, तो कधीही घडेल ही धाकधूक, स्वतःला लपवणं, आणि लोक म्हणतात ते आपल्यालाच हळूहळू खरं वाटायला लागणं. म्हणजे कुणी छळलं नाही तरी तीन गोष्टी चालूच राहतात. तुझी रविवारची रात्र ती हीच.

आणि हे सगळं समाज किती उशिरा शिकतो बघा, जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १७ मे १९९० ला.

नवंपाऊल

सावलीताईंच्या 'ते'वरून लिहितो. मी जन्माने मुलगी, वाढवलाही मुलगी म्हणूनच. ज्या दिवशी पहिल्यांदा 'मी आलो' म्हणालो त्या दिवसापासून घरात माझ्याशी बोलताना सगळे क्रियापदंच गिळायला लागले. "आलं का?" "जेवण झालं का?" असं. कुणी भांडलं नाही, नुसती वाक्यं तुटली. आजी ८० च्या पुढची, तिला कुणी काही समजावलंही नव्हतं. तिने फक्त एकदा मला जवळ बसवून विचारलं, "तुला कसं म्हणू?" मी सांगितलं. त्या रात्री मी कामावरून आलो तर आतून हाक आली, "कधी आलास रे?"

त्या 'रे' वर मी दोन वर्षं काढलीत.

शेवंता

नवंपाऊल 🙏 आजींना माझा नमस्कार सांग.

घनदाट

डोळे पुसून लिहितोय. विषयाला सोडून वाटलं तर सांगा. माझी बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा कळलं की माझी सगळी माणसं तिची होती. वाढदिवस तिला पाठ, आजारपणं तिला माहीत, फोन तीच लावायची आणि दोन मिनिटं माझ्या हातात द्यायची. ती गेल्यावर महिनाभर लोक आले, मग फोन शांत. मी म्हातारा पुरुष, मला दुर्बल म्हणायचं का माहीत नाही, पण मी दुर्बल झालोय हे मला माहितीय. सध्या आधार म्हणाल तर सकाळच्या बसचा कंडक्टर. तो मला बघून "आज स्वेटर नाही?" असं काहीतरी म्हणतो. नाव माहीत नाही त्याचं. चार दिवस ताप होता म्हणून गेलो नाही, तर पाचव्या दिवशी म्हणाला, "कुठे होतात?"

जुनाखोडकर

घनदाट, तुम्ही विषय सोडलेला नाही. मीही एकटाच आहे.

मीच_तो

कंडक्टरवरून आठवलं, मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये असं दाखवलं होतं की नोकरीसारख्या गोष्टीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून जास्त येते, कारण जिवलगांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. मला तेव्हा ते फक्त नोकरीपुरतं वाटलं होतं. पण परक्या गावात आणि परक्या भाषेत राहायला गेलो तेव्हा पटलं. जवळचं कुणी नव्हतंच तिथे. जिन्यात मान हलवणारे दोघे, ग्रंथालयातल्या बाई, एवढ्यांवर पहिलं वर्ष गेलं.

रानवारा

हो, पण याला दुसरी बाजू आहे. आपल्या लोकांत राहिलं की खांदे सैल होतात, हे मी अनुभवलंय, काही समजावावं लागत नाही. पण आपल्याच लोकांत जो अजून वेगळा निघतो त्याचं काय? माझा चुलतभाऊ सावलीताईंसारखा आहे. बाहेर तो 'आमच्यातला' म्हणून एकटा आणि घरात तो 'तसला' म्हणून. बाहेरच्या गटात गेला तर तिथे त्याच्या धर्मावरून टोमणे. त्याला दोन्हीकडे अर्धाच माणूस घेऊन जावं लागतं. आधारगट काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, आपण ज्या कारणाने जमलोय तेवढंच एक कारण माणसाला नसतं.

टिपकागद

मला एक प्रामाणिक प्रश्न आहे. गट, तज्ज्ञ, सल्लागार हे सगळं ठीक, पण जिथे तज्ज्ञच नाहीत तिथे लोकांनी काय करायचं?

पायवाट

झिंबाब्वेतलं उदाहरण बघ. मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेव्हा डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारे शहरात १४ आज्यांना शिकवून तयार केलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर आजी बसणार आणि येणाऱ्याचं ऐकणार, त्याच्याकडूनच अडचणींतली एक निवडून घेणार आणि तिच्यावर पहिलं पाऊल काय टाकायचं ते त्याच्याकडूनच काढणार. 'डिप्रेशन' शब्द त्या वापरत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. आपणही म्हणतोच ना, विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली. २०१६ मध्ये त्यांची रीतसर चाचणी छापून आली, ५७३ लोक होते, आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा स्पष्ट कमी होती.

शेवंता

मी मघाशी अर्धीच गोष्ट सांगितली. वरच्या ताईंच्या गुरुवाराला तीनेक महिने झाले असतील, मला फार ओशाळल्यासारखं व्हायला लागलं होतं. रोज वाटायचं आता येऊ नका म्हणावं. एक दिवस त्या एक जाड फाइल घेऊन आल्या, म्हणाल्या "माझ्या पेन्शनच्या कागदांचं मला काही कळत नाही, तू अकाउंट्स करतेस ना, बघशील?" तीन गुरुवार आम्ही ते कागद लावले. त्यानंतर माझं ओशाळणं गेलं ते गेलंच. आजपर्यंत मला कळलेलं नाही की त्यांना खरंच कळत नव्हतं की माझ्यासाठी आणली होती ती फाइल.

माझं म्हणणं एवढंच की नुसतं घेत राहणं फार जड असतं. आम्हाला देऊ द्या काहीतरी.

पायवाट

शेवंता, तुझ्या ताईंना माहीत नसेल पण हे दोन्ही मोजलं गेलंय. नायल बोल्जर यांनी २००० मध्ये वकिलीच्या परीक्षेला बसलेले आणि त्यांचे जोडीदार यांच्या रोजच्या नोंदी ताडून पाहिल्या. जोडीदाराने आधार दिला पण परीक्षार्थीच्या लक्षातच आला नाही, अशा आधाराचा उपयोग सगळ्यात जास्त झाला, आणि जो उठून दिसला त्याने उलट जीव खालीवर झाला. आणि स्टेफनी ब्राउन यांनी २००३ मध्ये ४२३ वृद्ध जोडप्यांची ५ वर्षांची माहिती छापली, त्यात दुसऱ्यांना आधार देणारे जास्त जगलेले दिसले, नुसता घेणाऱ्यांचं तसं दिसलं नाही.

आमच्या क्षेत्राची मोठी चूक हीच वाटते मला. आम्ही 'लाभार्थी' म्हणतो. त्या शब्दात माणसाचे हात नेहमी पसरलेलेच असतात.

जुनाखोडकर

मी परत आलो. काल झोप लागली नाही, तुमच्या सगळ्यांमुळे.

'सांगायचं असतं' असं मी मोठ्या तोंडाने लिहिलं. पाच वर्षांपूर्वी माझा उजवा हात अर्धांगाने गेला होता, आता बराच आलाय. त्या वेळी सहा महिने मी शर्टाची बटणं लावायला कुणाला सांगितलं नाही. बिनबटणाचे झब्बे घातले. शेजारी दोन तरुण मुलं राहायची, दोघांनी म्हटलं होतं, आजोबा काही लागलं तर सांगा. म्हणजे मीही सांगितलं नाहीच. तरी सांगावं असं माझं मत अजून आहे, पण रानवारा म्हणाले ते उंबऱ्याचं, ते मला माझ्या बटणांवरून समजलं.

काजवाताई, माझा एक जुना मित्र आहे, त्यालाही ऐकू येत नाही आता. मी त्याच्याशी मोठ्याने ओरडून बोलतो आणि तो वैतागतो. काय करावं?

काजवा

काका, किती बरं वाटलं तुम्ही विचारलंत.

ओरडू नका. ओरडलं की आवाज फाटतो आणि ओठांचा आकार बिघडतो. त्याच्यासमोर बसा, खिडकी तुमच्या पाठीशी नको, उजेड तुमच्या तोंडावर हवा. बोलायच्या आधी त्याचं लक्ष वेधून घ्या, खांद्याला हलकेच हात लावा. नाही कळलं तर तेच वाक्य चारदा म्हणू नका, शब्द बदला, 'बारा' ऐवजी 'दुपारी बारा वाजता' म्हणा, एखादा तरी शब्द पकडता येतो. विषय बदलला की आधी विषय सांगा. हे फार मोठं असतं, आम्ही अर्धं ऐकतो आणि अर्धं अंदाजाने भरतो, विषयच चुकला की सगळा अंदाज चुकतो. तोंडावर हात नको. आणि चौघं असाल तर एकाने एका वेळी.

आणि 'काही नाही, सोड' हे कधीही म्हणू नका.

जुनाखोडकर

लिहून घेतलं. शनिवारी जातो त्याच्याकडे.

घनदाट

जुनाखोडकर, तुम्ही कसले झब्बे घालायचात, मलाही सध्या डाव्या खांद्याचा त्रास आहे. खाजगी निरोप पाठवतो.

काजवा

तीन दिवसांनी येतेय. शेवंता आणि पायवाटने लिहिलेलं डोक्यात होतं म्हणून काल मी वेगळंच केलं. त्या टेबलावर मला विनोद सांगा असं म्हटलं नाही. मी म्हटलं, मी तुम्हाला ओठ वाचायला शिकवते, चला, आवाज न करता एक वाक्य बोला. सुरुवातीला लाजल्या, मग अशी मजा आली, कुणी काय बोलतंय ते कुणालाच कळेना आणि मी एकटी सगळी ओळखत होते. शेजारची म्हणाली, "अगं, हे किती दमवणारं आहे." मी म्हटलं, हो.

आज दुपारी परत सगळ्या हसल्या. तिने माझ्या हातावर दोनदा टकटक केलं, समोरचीकडे बोट दाखवलं, आणि समोरची थांबून, माझ्याकडे तोंड करून पहिल्यापासून बोलायला लागली. विनोद अगदीच साधा होता.

शेवंता

😀 काजवा, गुरुवारी पाच ते सहा मी मोकळी असते. इथेच, टाइप करून. येशील गप्पा मारायला? मुलाच्या शाळेच्या अर्जात एक जागा अडलीय, तीही दाखवायचीय तुला.

काजवा

येते. अर्ज घेऊन बस.